व्हरांड्यातला एम-२३

चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा रवांडा कुणालाच नको होता. तृतीय वर्ष राज्यशास्त्राचा वर्ग, पटावर छत्तीस आणि बाकांवर अठरा. जिला रवांडा आला तिने चिठ्ठी दोनदा उलटीपालटी करून पाहिली. "मॅडम, हा देश नकाशात दिसतसुद्धा नाही. मला मोठा द्या ना." मी म्हटलं, दिसत नाही म्हणूनच घे. काँगो ज्या मुलाला मिळाला तो मात्र खूश. त्याला वाटलं, लॉटरी लागली.

हा उद्योग मीच अंगावर घेतला होता. साक्री तालुक्यातल्या आमच्या कॉलेजात आंतरराष्ट्रीय संबंधांचा पेपर मुलं गाईडवर काढतात. प्रादेशिक सहकार्य म्हणजे सार्क, आसियान, स्थापना अमुक साली, मुख्यालय अमुक ठिकाणी, दहा मार्क. शेजाऱ्यांची भांडणं एकमेकांत गुंतली की त्याच शेजाऱ्यांनी एकत्र बसून ती सोडवायची म्हणजे नेमकं काय करायचं, याबद्दल गाईडात अक्षर नाही. म्हणून २०२५ च्या जानेवारीत ठरवलं, एक दिवस मुलांनाच बसवू. विषय घेतला आफ्रिकेतल्या ग्रेट लेक्स भागाचा: काँगो, रवांडा, युगांडा, बुरुंडी, आणि मध्यस्थीला अंगोला, केनिया, टांझानिया. भारत-पाकिस्तान मुद्दाम घेतलं नाही. तो विषय काढला की आमची मुलं वाटाघाटी सोडून घोषणा द्यायला लागतात. तारीख धरली १ फेब्रुवारी, शनिवार.

एक चिठ्ठी देशाची नव्हतीच. तिच्यावर 'एम-२३' लिहिलं होतं. ती पिंपळनेरकडून एसटीने येणाऱ्या, वर्षभरात वर्गात चार वाक्यं बोललेल्या मुलाला लागली. "ही बंदूक आहे का मॅडम?" त्याने विचारलं. मी सांगितलं, पूर्व काँगोतली बंडखोर संघटना. २३ मार्च २००९ ला सरकारशी झालेला करार सरकारने पाळला नाही, अशी तक्रार घेऊन ती उठली, म्हणून नाव एम-२३. तो हसला. "म्हणजे मोडलेल्या कराराची तारीखच नाव करून टाकली."

नकाशा व्हरांड्यात काढला, खडूने. किवू सरोवर निळ्या रांगोळीने भरलं. काँगो एवढा पसरला की एनसीसीच्या खोलीपर्यंत गेला. रवांडा साधारण सव्वीस हजार चौरस किलोमीटर. धुळे, जळगाव, नंदुरबार एकत्र केले तर जवळपास तेवढेच भरतात. "म्हणजे रवांडा म्हणजे आपला खान्देश?" आकाराने, हो. आणि काँगो त्याच्या नव्वदपट. तरी खडू हातात घेतल्यावर मुलांना एक गोष्ट आपोआप कळली, जी मी तासभर बोलून सांगू शकले नसते. गोमा हे शहर सरोवराच्या काठाला, अगदी रवांडाच्या हद्दीला चिकटून. पलीकडे गिसेन्यी, चालत जाता येतं, रोज हजारो बाया डोक्यावर माल घेऊन ये-जा करतात. आणि काँगोची राजधानी किन्शासा दीड हजार किलोमीटरहून लांब, इथून कोलकात्याच्याही पलीकडे. काँगोची भूमिका करणारा मुलगा खडू हातात धरून उभाच राहिला. "मॅडम, गोमा तर रवांडाच्या अंगणात आहे. मी तिथं पोचणार कसा?"

मग प्रत्येकाला दोन कागद दिले. एकावर सभेत काय बोलणार ते लिहायचं, दुसऱ्यावर मनात काय आहे ते. दुसरा कागद कुणाला दाखवायचा नाही, फक्त मला.

रवांडाने पहिल्या कागदावर लिहिलं: एफडीएलआर संपवा. याच्या मागची गोष्ट तिने स्वतः शोधली. १९९४ मध्ये रवांडात शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, बहुतेक तुत्सी समाजातली. मारणारे हरले तसे लाखो निर्वासितांच्या लोंढ्याबरोबर हद्द ओलांडून गोमाच्या बाजूला गेले. त्यांच्याच अवशेषांतून पुढे एफडीएलआर ही हत्यारबंद संघटना उभी राहिली आणि आजवर पूर्व काँगोच्या जंगलात आहे. मनातल्या कागदावर तिने लिहिलं: "हद्दीपलीकडचा पट्टा आपल्या माणसांच्या हातात असलेला बरा. तिथं खाणी पण आहेत." खाणी म्हणजे कोल्टनच्या, ज्यातला टँटलम आपल्या मोबाइलमध्ये असतो. रुबायाची मोठी खाण एम-२३ ने २०२४ मध्येच घेतली होती.

काँगोने पहिल्या कागदावर लिहिलं: परक्या फौजा बाहेर काढा. मनातल्या कागदावर: "माझ्या फौजेवर माझाच भरवसा नाही. एफडीएलआरचे लोक माझ्या बाजूने लढतात, मी त्यांना कसा संपवू?" संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या अहवालांत दोन्ही गोष्टी आहेत, रवांडाच्या फौजेची एम-२३ ला साथ आणि काँगोच्या फौजेची एफडीएलआरशी हातमिळवणी. रवांडा सरकार आपला भाग नाकारत आलंय. युगांडाची फौज २०२१ पासून काँगोतच आहे, काँगोच्याच संमतीने, एडीएफ नावाच्या तिसऱ्याच टोळीच्या मागावर. बुरुंडीचे सैनिक काँगोच्या मदतीला, आणि बुरुंडीने रवांडाची हद्द जानेवारी २०२४ पासून बंद केलेली. युगांडा झालेला मुलगा सगळं ऐकून म्हणाला, "हे तर भाऊबंदकीसारखं आहे. एकाच्या बांधावर दुसऱ्याची बैलं."

तालमीला काँगो तीन दिवस गैरहजर. घरी कांद्याची लागण चालू होती. मी गाडी काढली आणि पांझरेकाठच्या त्याच्या गावी गेले. काँगो गुडघाभर चिखलात, हातात रोपांची जुडी. मला बघून लाजला. बांधावर बाजेवर त्याचे आजोबा बसले होते. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं. आबा तरुणपणी फडाचे पाटकरी होते.

फड पद्धत बाहेरच्यांना सांगावी लागते. पांझरेवर जागोजाग जुने बंधारे आहेत, काही तीनशे वर्षांपेक्षा जुने असं म्हणतात. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटाखालचं रान फडांत वाटलेलं. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. बहुतेकांचं थोडं थोडं रान प्रत्येक फडात, म्हणजे पाणी कमी पडून एखादा फड कोरडा सोडायची वेळ आली की झळ सगळ्यांनाच लागते. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांच्यावर हवालदार. आता बरेच फड मोडले, विहिरी आणि मोटारी आल्या.

मी आबांना आमचा खेळ समजावून सांगत होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि देशांबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं ते मध्यस्थाबद्दल.

"तो जो मधमा बठस, त्याले दाना कोन देस?"

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. पाटकऱ्याला पगार नव्हता. सुगीला तो प्रत्येकाच्या खळ्यावर जायचा आणि ज्याच्या त्याच्याकडून धान्य घ्यायचा. उन्हाळ्यात एखाद्याचं पाणी तोडलं असेल, तर त्याच माणसाच्या खळ्यावर पोतं घेऊन उभं राहावं लागे. "मंग हात जपीसन चालस," आबा म्हणाले. "ज्याले एकाच खळावरनं दाना भेटस, तो पाटकरी नई, तो त्यानाच गडी."

काँगो हे ऐकत होता की नाही, माहीत नाही. त्याने रोपं लावता लावता मान वर केली नव्हती.

२७ जानेवारीचा सोमवार. आदल्या दिवशी झेंडावंदन झालेलं, मैदानात पताका तशाच. वर्गात शिरले तर आरडाओरडा. रवांडाने मोबाइल वर धरला होता: एम-२३ गोमात शिरला. मुलं पिंपळनेरच्या त्या मुलाची पाठ थोपटत होती, षटकार मारल्यासारखी. "जिंकला रे!" मी फार क्वचित ओरडते, त्या दिवशी ओरडले. गोमाच्या आजूबाजूच्या छावण्यांत लाखो विस्थापित होते, त्यातले कित्येक तर दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा पळालेले. शहरात वीज नाही, पाणी नाही. त्या आठवड्याभरात दक्षिण आफ्रिकेचेच चौदा सैनिक गेले होते. काँगोच्या मदतीला दक्षिण आफ्रिकी विकास समुदायाच्या फौजेतून आलेले. वर्ग गप्प झाला. तास संपल्यावर तो मुलगा माझ्यामागे स्टाफरूमपर्यंत आला. "मॅडम, चिठ्ठी बदलून मिळेल का?" मी नाही म्हटलं. बरोबर केलं की चूक, मला अजून ठरवता आलेलं नाही.

शनिवारी साडेदहाला सुरुवात. आणि सुरुवातीलाच माझी चूक उघडी पडली. वेळापत्रकात मी 'लुआंडा बैठक' आणि 'नैरोबी बैठक' एकाच वेळी दोन खोल्यांत टाकली होती. झेरॉक्स वाटून झाल्या होत्या. काँगो दाराशी उभा राहून विचारतोय, मी कुठं बसू? टांझानियाची मुलगी दोन खोल्यांमध्ये चकरा मारतेय. मी सावरायला गेले आणि लक्षात आलं, ही चूक माझी एकटीची नाही. खऱ्या जगात नेमकं हेच चाललं होतं. २०२२ पासून दोन वाटा समांतर: लुआंडात अंगोलाच्या मध्यस्थीने काँगो आणि रवांडा ही दोन सरकारं, नैरोबीत पूर्व आफ्रिकी समुदायाच्या वतीने काँगो आणि हत्यारबंद टोळ्या. एका खोलीतला प्रश्न दुसऱ्या खोलीत अडलेला. वेळापत्रक तसंच ठेवलं.

एम-२३ कुठे बसणार? काँगोने पहिल्याच मिनिटाला सांगितलं, ही दहशतवादी संघटना, ती खोलीत आली तर मी उठतो. २०२२ च्या एप्रिलमध्ये नैरोबीत जवळपास असंच झालं होतं. मग त्या मुलाला व्हरांड्यात प्लास्टिकचं स्टूल दिलं. तो डबा आणि दप्तर घेऊन जाऊन बसला. काही बोलला नाही.

दुसऱ्या खोलीत केनियाची दमछाक झाली. काँगोच्या जोडीदाराने तिला फैलावर घेतलं: तुमच्या पुढाकाराने पूर्व आफ्रिकी समुदायाची फौज आली नोव्हेंबर २०२२ मध्ये, वर्षभर बसली, गोळी झाडली नाही, डिसेंबर २०२३ मध्ये परत गेली. त्याच महिन्यात तुमच्याच नैरोबीत एम-२३ सामील असलेल्या आघाडीची घोषणा झाली. आणि तुम्ही मध्यस्थ? मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मध्ये पडले नाही. आबांचा प्रश्न आठवत होता.

पहिल्या खोलीत 'आधी कोण' यावर दीड तास गेला. काँगो म्हणे रवांडाने फौज आधी काढावी. रवांडा म्हणे आधी एफडीएलआर, मग आमचे 'बचावात्मक उपाय' उठवू. हा शब्द तिने बातम्यांतून उचलला होता आणि दर वाक्यात वापरत होती. शेवटी अंगोलाच्या मुलीने फळ्यावर दोन उभे रकाने केले, दोन्ही कामं एकाच तारखेपासून सुरू, दर आठवड्याला तपासणी, तपासणी पथकात दोघांचेही अधिकारी. वर्गात टाळ्या. मी तिला नंतर सांगितलं, अंगोलाच्या खऱ्या अधिकाऱ्यांनी २०२४ च्या शरदात जवळपास हेच मांडलं होतं आणि कागदावर ते दोघांनी मान्यही केलं होतं. तिचा चेहरा पडला. "मग?"

मग काय झालं ते रवांडाने दाखवून दिलं. एक वाजता, सगळे जेवायला उठायच्या बेतात असताना, ती शांतपणे म्हणाली, "सगळं मान्य. फक्त काँगो एम-२३ शी थेट बोलेल, एवढं लिहून द्या." काँगो म्हणाला, नाही. खोलीत शांतता. १५ डिसेंबर २०२४ ची लुआंडातली राष्ट्राध्यक्षांची भेट याच एका वाक्यावर मोडली होती. पोरीने अभ्यास केला होता आणि पत्ता शेवटपर्यंत हातात ठेवला होता.

आम्ही जेवायला म्हणून बाहेर आलो आणि थांबलो.

एम-२३ ने स्टूल उचलून नकाशात ठेवलं होतं. गोमावर. स्वतः त्यावर बसलेला, डबा उघडलेला, कळण्याची भाकरी आणि भरीत. दप्तर शेजारच्या साके गावावर. चपला काढून विमानतळावर. एक पाय किवू सरोवरात, निळी रांगोळी अंगठ्याला लागलेली. आमच्याकडे बघून म्हणाला, "आमले बलायं नई, मंग आम्ही आठेच बठनूत. आते बोला."

हसू फुटलं, आणि लगेच विरलं. काँगो पुढे झाला, स्टूल ओढायला. रवांडा बाजूला उभी राहून म्हणाली, "माझ्याकडे काय बघता, तो माझा नाही," आणि हे म्हणताना तिच्या ओठांवर जे होतं ते मला खरोखर आवडलं नाही. बुरुंडीच्या मुलीने, जी सकाळपासून गप्प होती, विचारलं: "तू बसलास ठीक. आता शहराला पाणी कोण देणार?" त्याने घास थांबवला. याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं.

"मागच्या वेळी अकरा दिवसांत उठलो होतो," तो थोड्या वेळाने म्हणाला. म्हणजे त्यानेही वाचलं होतं. २० नोव्हेंबर २०१२ ला एम-२३ ने गोमा घेतलं होतं. ग्रेट लेक्स परिषदेच्या देशांनी दबाव आणला, कंपालात बोलणी धरली, आणि १ डिसेंबरला ते बाहेर पडले. पुढल्या फेब्रुवारीत अदिस अबाबात अकरा देशांनी शांतता आणि सहकार्याच्या चौकटीवर सह्या केल्या. त्याआधी १९९९ चा लुसाका करार, २००६ चा नैरोबीचा करार. "कागदांची काही कमी नाही मॅडम," काँगो म्हणाला, स्टूल सोडून.

जेवण व्हरांड्यातच झालं. सगळे नकाशाच्या कडेने बसले, कुणाचं भरीत कुणाच्या ताटात. खोलीत परत कुणी गेलंच नाही. टांझानिया म्हणाली, मी सकाळपासून दोन खोल्यांत पळतेय. माझा देश पूर्व आफ्रिकी समुदायातही आहे आणि दक्षिण आफ्रिकी विकास समुदायातही. काँगोही दोन्हीकडे आहे. मग दोन बैठका कशाला? इथंच एक करा. ते लगेच मान्य झालं, कदाचित ऊन छान पडलं होतं म्हणूनही.

साडेचारपर्यंत एक पान तयार झालं. युद्धबंदी. विमानतळ आणि मदतीचा रस्ता उघडणं. एफडीएलआर आणि परक्या फौजा एकाच वेळापत्रकावर. चौथ्या कलमावर पाऊण तास गेला. काँगोला 'एम-२३' हा शब्द नको, रवांडाला तो हवाच. शेवटी काँगोने लिहिलं: "संबंधित सर्व गटांशी थेट चर्चा". कुणाचं नाव नाही आणि कुणी वगळलेलं नाही. तीन वर्षांत त्या मुलाने लिहिलेलं सर्वांत चांगलं वाक्य तेच असेल. परीक्षेत त्याला या वाक्याचा काही उपयोग नाही.

सह्या सुरू झाल्या. एम-२३ च्या नावापुढे आलो तर स्टूल रिकामं. पिंपळनेरची सव्वापाचची एसटी असते, ती चुकली की मग दोन तास काही नाही. तो गेला होता. ते पान अजून माझ्या कपाटात आहे, एक जागा कोरी.

बरोबर आठवड्याने, ८ फेब्रुवारीला, दार एस सलाममध्ये त्या दोन्ही समुदायांची खरी संयुक्त शिखर बैठक झाली. लुआंडा आणि नैरोबी या दोन वाटा एक करायचं ठरलं, गोमाचा विमानतळ उघडा म्हणाले, एम-२३ सह सर्वांशी थेट बोला म्हणाले. टांझानिया झालेली मुलगी दोन दिवस जमिनीवर नव्हती. तिचा वर्गभर मान वाढला. पण फेब्रुवारीतच बुकावू शहरही एम-२३ च्या हाती पडलं. १८ मार्चला लुआंडात काँगो आणि एम-२३ समोरासमोर बसणार होते, त्याच्या आदल्या दिवशी युरोपीय संघाने एम-२३ च्या म्होरक्यांवर निर्बंध लावले आणि ते आलेच नाहीत. त्याच १८ मार्चला काँगो आणि रवांडाचे राष्ट्राध्यक्ष दोहात भेटले, कतारच्या अमीरांच्या समोर. काही दिवसांत अंगोलाने मध्यस्थी सोडली. २७ जूनला दोन्ही देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी शांतता करारावर सही केली ती वॉशिंग्टनमध्ये.

अंगोला झालेली मुलगी निकालाच्या वेळी भेटली, तेव्हाही रागातच. "एवढी वर्षं आम्ही खपलो आणि सही परक्याच्या अंगणात?" मी तिला म्हटलं, कतार आणि अमेरिकेला तिथली हद्द लागत नाही, म्हणून दोघांना ते चालले असतील. पण हद्द लागत नाही म्हणजे उद्या तिथल्या खळ्यावर त्यांना पोतं घेऊन उभंही राहावं लागत नाही. खनिजांचं पोतं मात्र त्यांना हवंय. तिला आबांची गोष्ट माहीत नव्हती, ती सांगत बसले आणि तिची बस गेली.

१९ जुलैला दोहात काँगो सरकार आणि एम-२३ यांनी तत्त्वांच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्या रात्री पिंपळनेरहून फोन आला. तो आता एका कृषी सेवा केंद्रावर कामाला आहे, मागे खतांच्या गोण्या उतरवल्याचा आवाज येत होता.

"मॅडम, दखा, शेवट माले खुर्ची भेटनी."

मी म्हटलं, अभिनंदन. मग गोमा सोडलं का?

तो थोडा वेळ गप्प राहिला.

"ते आजून ठरनं नई."